चंदगड तालुका सोडून

आजीच्या लहानपणी बेळगावातून शहापूरला जायचं म्हणजे परराज्यात जायचं. आज कपिलेश्वराच्या अंगानं रिक्षा पाच मिनिटांत शहापुरात नेऊन सोडते आणि वाटेत आपण काही ओलांडलं, असं कुणाच्या मनातही येत नाही. पण 1948 पर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं होतं. सांगली संस्थानचे तालुके एकमेकांना लागून नव्हतेच. मिरज प्रांत कृष्णेकाठी, मंगळवेढं वर भीमेकडं, तेरदाळ विजापूरच्या बाजूला, शिरहट्टी धारवाडच्याही पलीकडं, आणि शहापूर थेट बेळगाव शहराला खेटून. कलेक्टर कचेरी आणि लष्कराची छावणी इंग्रजी मुलखात. साड्यांचे माग आणि सराफांच्या पेढ्या संस्थानात. रायबाग जिल्ह्याच्या मध्यात असून कोल्हापूरकर छत्रपतींचं. त्या काळचा नकाशा पसरून बसलं की आधी हसू येतं आणि मग, हा कारभार चालला तरी कसा, असा प्रश्न पडतो.

चालत होता. आजी शहापूरची आणि तिच्या माहेरच्या गोष्टींत ही हद्द कायम मजेची असायची. बेळगावच्या बाजारात कुणी खिसा कापला की तो शहापूरच्या दिशेनं पळायचा, हद्दीपलीकडं गेला की उभा राहून विडी पेटवायचा आणि इंग्रजी शिपाई अलीकडून नुसता दात-ओठ खायचा, असं ती सांगायची. इंग्रजांच्या नजरेखालच्या संस्थानात चोराची एवढी चैन चालत असेल, यावर माझा विश्वास नाही. पण आजीसमोर हे बोलायची सोय नव्हती. बेचाळीस साली तिचा थोरला भाऊ बुलेटिनं वाटायचा. तोही दिवसा बेळगावात आणि रात्री संस्थानात, असा राहायचा म्हणे. या गोष्टीवर मात्र माझा विश्वास आहे, कारण संस्थानी हद्दीचा असा उपयोग तेव्हा दक्षिण महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी केला होता.

8 मार्च 1948 ला दक्षिणेतली पटवर्धनी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढच्या वर्षी 1 मार्चला कोल्हापूरही आलं. आजीच्या माहेरची हद्द पुसली गेली. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. जकात सुटली, एवढंच. नंतर आठ-नऊ वर्षांत दुसरी हद्द आली, आणि ती तिच्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या अलीकडून गेली.

आजोबा भूमापन खात्यात साखळीवाला. हुद्दा सगळ्यात खालचा, पण हद्द म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कलेक्टरलाही ठाऊक नसेल. मुंबई प्रांतातली जुनी मोजणी शंकू-साखळीची. साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हा हिशेब आजोबा आम्हाला जेवताना पानाभोवती बोट फिरवून शिकवत. दोन्ही टोकांना पितळी कड्या, आण्याआण्याला खूण. ओढणारे दोघं. पुढच्यानं कडी धरून ताण द्यायचा, मागच्यानं दगडावर कडी टेकवून ओरडायचं. मोजणीदार साहेब झाडाखाली बसून टिपण लिहिणार. साखळी उन्हानं वाढते, वर्षानुवर्षं ओढूनही वाढते, म्हणून ती अधूनमधून तपासायची. "साखळी वाढली तर जमीन कमी भरते आणि शिव्या आम्हाला बसतात," असं ते म्हणत.

त्यांनी कागद एकही मागं ठेवला नाही. सरकारी कागद घरात आणायचा नसतो, असा त्यांचा बाणा. जे काही राहिलं ते तोंडी. आणि तोंडी राहिलेलं सगळं दगडाला बांधलेलं. अमुक गावच्या शिवेवरचा दगड का, जिथं वैशाखात साप निघाला तो. तमुक दगड का, जिथं दोन गावच्या पाटलांनी साहेबासमोर एकमेकांचे फेटे ओढले तो. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथला दगड मोठा, तिन्ही बाजूंना खूण केलेला. तो बसवताना तिन्ही गावचे पाच-पाच म्हातारे हजर, कुणी खोटं सांगू नये म्हणून डोक्यावर घोंगडं आणि हातात शिवेची माती. आजोबांच्या डोक्यातल्या नकाशात अंतर आण्यांत आणि खुणा माणसांत होत्या.

ते गेल्यावर मी हे दगड शोधत फिरायला लागलो. रविवारी सकाळी स्कूटर काढायची, इंचाला मैल या मापाचे जुने नकाशे पिशवीत, मोबाइल खिशात. मोबाइलवर दोन्ही राज्यांचे गावनकाशे आता सहज मिळतात. महाराष्ट्राचा महाभूनकाशा, कर्नाटकाचं दिशांक. दोन्ही उत्तम आहेत, पण दोन्ही आपापल्या हद्दीवर येऊन थांबतात. महाभूनकाशात बाची नाही आणि दिशांकमध्ये शिनोळी नाही. प्रत्यक्षात बाचीच्या शेवटच्या शेतातून शिनोळीच्या पहिल्या शेतात माणूस तंबाखू मागायला जातो. नकाशात मात्र पलीकडं पांढरं, जणू समुद्रच.

इथं एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगावी लागते. ती पुण्या-मुंबईच्या मित्रांनाही पटकन कळत नाही. या सीमेचा वाद रेषा कुठं आहे याबद्दल नाही. ती कुठून जाते याबाबत दोन्ही सरकारांत एकमत आहे. तिच्यावरचा प्रत्येक दगड दोन्हीकडच्या दप्तरांत आहे. वाद आहे तो ती कुठं असायला हवी होती याचा, आणि तो आजोबांच्या भाषेत सांगायचा तर साखळी कुठल्या मापाची धरायची, याचा.

राज्य पुनर्रचनेसाठीचा फाजल अली आयोग 1953 च्या डिसेंबरात नेमला गेला आणि 1955 च्या सप्टेंबरअखेर त्यानं अहवाल दिला. बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग कानडी, म्हणून जिल्ह्याचं ठाणंही कारभाराच्या सोयीसाठी तिकडंच जावं, असा त्याचा विचार. चंदगड तालुका तेवढा उघडउघड मराठी, म्हणून तो मुंबई राज्यात. पुढं 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात म्हैसूर राज्याला कोणता मुलूख जाणार ते लिहिलं, त्यात बेळगाव जिल्हा आला तो 'चंदगड तालुका सोडून'. बाकी विजापूर, धारवाड, कारवार अख्खेच्या अख्खे. 1 नोव्हेंबर 1956 ला तो अंमलात आला. माप जिल्ह्याचं धरलं. अपवाद केला तो तालुक्याचा. गाव या मापानं कुणी मोजलंच नाही.

गावाचं माप धरायचं सुचलंच नव्हतं, असं नाही. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमातंटा मिटवायला हरी विनायक पाटसकरांना मध्यस्थ नेमलं होतं. त्यांनी गाव हा घटक, लगतपणा, भाषेचं बहुमत आणि लोकांची इच्छा ही सूत्रं लावली, दोन्ही राज्यांनी ती मानली आणि 1960 च्या एप्रिलपासून तिथली गावं इकडची तिकडं झालीसुद्धा. मराठी माणसानं तेलुगू-तमिळांचा बांध घालून दिला आणि आपल्या घरचा तसाच राहिला. महाराष्ट्राची मागणी तेव्हापासून याच सूत्रावर उभी आहे. आजोबांना पाटसकरांबद्दल फार आदर. "तो माणूस खरा मोजणीदार," असं ते म्हणत. त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी कुणाला मिळालेली ऐकली नाही.

1956 च्या 1 नोव्हेंबरनंतर आजोबांची नोकरी म्हैसूर राज्याकडं वर्ग झाली. साखळी तीच, दगड तेच, साहेब बदलले आणि हळूहळू दप्तराची लिपी बदलली. कानडी त्यांना बोलता यायचं. बेळगावात कुणाला येत नाही? आजी भाजीवालीशी कानडीतच भांडायची. पण उतारा वाचता न येणं वेगळं. गावातली माणसं कागद घेऊन रात्री घरी यायची आणि आजोबा कंदिलाच्या उजेडात कानडी आकडे वाचून सांगायचे, की बाबा तुझं नाव आहे, काळजी करू नको. भाषेच्या भांडणावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. मला त्या भांडणाचं मूळ या रात्रीच्या वाचनात दिसतं. शेजाऱ्याची भाषा हा इथं कधीच त्रास नव्हता. स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हा होता.

त्या वर्षाच्या जानेवारीबद्दल आजोबा कमी बोलत. मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, अशी घोषणा पंडित नेहरूंनी 16 जानेवारी 1956 ला केली. मुंबई पेटली आणि 17 तारखेला बेळगाव आणि निपाणीत गोळीबार झाला. आजोबा सायकलवरून कचेरीतून परत येत होते. रस्त्यावर चपलांचा खच पडला होता, एवढंच ते सांगायचे. त्यातल्या कितीतरी एका पायाच्या. सीमाभागात हा दिवस दरसाल हुतात्मा दिन म्हणून पाळतात, बेळगावच्या हुतात्मा चौकात माणसं जमतात. कोल्हापूर ओलांडून वर गेलात की ही तारीख कुणाला सांगता येत नाही.

मग महाजन आले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, ऑक्टोबर 1966 मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला. गावागावांतून अर्ज तयार झाले. आमच्या गावात अर्जावर अंगठे उठवायला आजोबांनी मदत केली नाही, सरकारी नोकर ना. पण आजीनं केली. ती आणि आणखी काही बायका बैलगाडीतून बेळगावला गेल्या, दिवसभर उन्हात बसल्या आणि साहेबांची गाडी जाताना त्यांनी हात जोडले. "गाडीच्या काचा वर होत्या," असं आजी सांगायची, दर वेळी त्याच शब्दांत. 1967 च्या ऑगस्टात अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापुराकडची 247 गावं म्हैसूरला, आणि बेळगाव होतं तिथंच. महाराष्ट्रानं तो फेटाळला. आयोग मागणारेही आपण आणि नाकारणारेही आपण, हे टोचणारं खरं आहे आणि कानडी मित्र ते मला दर नोव्हेंबरात ऐकवतात. मी त्यांना विचारतो, गावानुसार मोजायचं की नाही ते सांगा. मग चहा येतो.

आता दगडांकडं येतो.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची संपून शिनोळी लागते ती जागा वर्षातले बहुतेक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. पाटी बदलते, डांबराचा रंग बदलतो, पुढं औद्योगिक वसाहत लागते. बेळगावात अधिवेशन किंवा मेळावा असला की मात्र इथं लोखंडी अडथळे, पोलीस आणि कॅमेरे उभे राहतात. महाराष्ट्रातून येणारे पुढारी अलीकडं अडवले जातात आणि तिथंच उभ्यानं भाषण करून परततात. त्या गर्दीपासून थोडं आत, उसाच्या कडेनं गेलं की जुना शिवेचा दगड आहे. गुडघाभर, एका बाजूनं शेवाळलेला, दुसरी बाजू बैल अंग घासून गुळगुळीत झालेली. कुणीतरी त्याला शेंदूर लावला आहे. मी वाकून खूण शोधत होतो तेव्हा शेतातून एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "खट्टे हरवलास रं बाळा?"

त्यांनी त्या दगडाची गोष्ट सांगितली. साठीच्या दशकात धान्याची टंचाई आली तेव्हा राज्याराज्यांत तांदूळ न्यायला-आणायला बंदी झाली. चंदगडचा तांदूळ वर्षानुवर्षं बेळगावच्या बाजारात जायचा, तो एका हुकमानं चोरीचा माल झाला. पण गिरणी बेळगावात, व्यापारी बेळगावात, पैसा बेळगावात. मग रात्री बायका निघायच्या. लुगड्याच्या ओच्यात पायली-दोन पायली, वर घोंगड्याची खोळ, चौघी-पाचजणी एका रांगेत. या दगडापाशी पुढची थांबून खाकरायची. पलीकडून उत्तर आलं तर जायचं, नाहीतर उसात बसायचं. "शिपायाला ठाव नव्हतं होय?" मी विचारलं. "ठाव हुतं की. त्याची बायको बी त्यातच," ते म्हणाले. त्यांची आई त्या रांगेत होती. शेंदूर तिनं पहिल्यांदा लावला. देव म्हणून नव्हे, अंधारात पांढरा चुना दिसला असता तो शिपायालाही दिसला असता, म्हणून. या कारणाबद्दल मला शंका आहे. शेंदूर तरी अंधारात कसला दिसतो? पण मी ते वहीत तसंच लिहिलं.

चंदगडच्या माणसाला कोल्हापूर जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडं. बेळगाव निम्म्याहून जवळ. बाळंतपण, डोळ्याचं ऑपरेशन, लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचा सुटा भाग, सगळं बेळगाव. तीन शब्दांनी चंदगड महाराष्ट्राला मिळालं, पण बाजार मिळाला नाही. 2020 च्या टाळेबंदीत सीमेवरच्या आडवाटांवर मातीचे ढीग टाकून रस्ते बंद केले, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा तरुण पोरांच्या ध्यानात आली. म्हाताऱ्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी उसातली वाट दाखवली.

तुडयेला गेलात तर याचं उलटं चित्र. बेळगाव शहराला पिण्याचं पाणी राकसकोपच्या जलाशयातून येतं. धरण बेळगाव तालुक्यात, आणि त्याला लागून तुडये चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. विधानसभांत पाण्यावरून आणि गावांवरून कितीही गर्जना होवोत, सकाळी बेळगावच्या नळाला येणारं पाणी पावसात कुठल्या राज्यात पडलं, हे कुणी विचारत नाही. महिपाळगडावर चढून बघितलं तर हे सगळं एका नजरेत येतं. खाली देवरवाडीचं वैजनाथ, मग भाताची खाचरं, मग काजू, मग लांबवर बेळगावच्या इमारती. श्रावणी सोमवारी अर्धं बेळगाव वैजनाथाला येतं. आपण दर्शनाला परराज्यात आलो, असं म्हणणारा भाविक मला तरी भेटला नाही.

राज्याची हद्द माणसं अशी विसरतात. गावाची शीव मात्र विसरत नाहीत, आणि ती सांभाळायचं काम सरकारपेक्षा देवीनं जास्त केलं आहे. आमच्याकडं लक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. बारा वर्षांनी, वीस वर्षांनी, कुठं त्याहूनही जास्त. आधी महिनाभर मंगळवार-शुक्रवार वार पाळायचे, शेतात नांगर नाही. मग देवीचं लग्न, होन्नाट, भंडाऱ्यानं पिवळा झालेला रथ, गदगेवर बसवणं, नऊ-दहा दिवस पै-पाहुणे. आणि शेवटच्या दिवशी देवी शिवेकडं निघते. तिथं बांधलेल्या खोपीत तिला ठेवतात, विधी होतो, खोप पेटवतात आणि माणसं मागं न बघता घरी येतात. ती जागा बोटभरही इकडं-तिकडं होऊन चालत नाही. का, तर गावाचं जे काही वाईट, रोगराई, ती देवी शिवेबाहेर घेऊन जाते. म्हणजे ती पलीकडच्या गावात जाणार. म्हणून पलीकडच्या गावची म्हातारी मंडळी आपल्या शिवेवर रात्रभर काठ्या घेऊन उभी.

एका गावची ही जागा राज्यसीमेवरच आहे. अलीकडचं शिवार कर्नाटकात, पलीकडचं महाराष्ट्रात. दोन्ही गावं मराठी, सोयरीक घरटी एक. तिथल्या एका आजींनी मला त्यांच्या तरुणपणची यात्रा सांगितली. खोपीची जागा वाऱ्यामुळं हातभर पुढं सरकवावी, असं कुणीतरी सुचवलं. पलीकडचे लोक लगेच उठले. हमरीतुमरी झाली, कुणाच्या तरी दंडाला काठी लागली आणि शेवटी दोन्हीकडच्या पाटलांनी कंदील धरून जुना दगड उकरून काढला. दगड गवतात होता तिथंच होता. "मंग म्हैसूर आणि मुंबईचा दगड त्योच होय?" मी विचारलं. आजींना प्रश्नच कळला नाही. तो लक्ष्मीचा दगड, त्या म्हणाल्या. माझ्या नकाशात त्या जागेला मी तेच नाव दिलं आहे.

येळ्ळूरची पाटी हा याच्या बरोबर उलट प्रकार. गावाच्या तोंडाशी 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असं लिहिलेला फलक कित्येक वर्षं उभा होता. गाव कर्नाटकात, फलक महाराष्ट्राचा. सीमा नकाशात हलली नाही तर निदान आपल्या चौथऱ्यावर तरी हलवू, असा तो हट्ट. जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनानं तो काढला, गावानं पुन्हा उभा केला, दोन दिवसांत पोलिसांनी तो पुन्हा पाडला आणि घराघरांत शिरून लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. येळ्ळूरच्या डोक्यावर राजहंसगड आहे. तिथल्या शिवपुतळ्याचं मार्च 2023 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं: एकदा सत्ताधाऱ्यांनी केलं, एकदा विरोधकांनी. कुठल्या राज्यात आहोत, याची महाराजांनी फिकीर केली नसती. दोनदा पडदा ओढणाऱ्यांबद्दल काय म्हटलं असतं, ते मी लिहीत नाही.

दगड आणि म्हातारे, दोन्ही कमी होत चालले आहेत. महाराष्ट्रानं 2004 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 865 गावांवरचा हक्क सांगणारा ठराव 2022 च्या डिसेंबरात विधिमंडळानं पुन्हा एकमतानं केला. मधे 2014 साली न्यायालयानं साक्षी-पुरावे नोंदवायला निवृत्त न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांना आयुक्त नेमलं, तेव्हा इथं किती आशा पल्लवित झाल्या होत्या! आमच्या गल्लीतल्या एका ऐंशी पार केलेल्या गृहस्थांनी साक्षीला जायचं म्हणून कोट शिवून घेतला. हरकतींवर हरकती आल्या, काम थांबलं. कोट कपाटात राहिला, ते राहिले नाहीत. दाव्यात गावांच्या याद्या आहेत, जनगणनेचे आकडे आहेत. साप निघालेला दगड, खाकरायचा दगड, लक्ष्मीचा दगड, हे त्यात कुठं बसणार? बसू नयेत, हे मला कळतं. पण आजोबांच्या मोजणीत सर्वांत आधी म्हाताऱ्यांना बोलावत, साखळी नंतर ओढत. इथं सत्तर वर्षं होत आली, अजून नुसते वकील बोलताहेत.

माझा नकाशा आता बराच भरला आहे. त्याचा कुणाला उपयोग आहे, असा माझा दावा नाही. फक्त एकदा झाला. आजीच्या धाकट्या बहिणीचे थोरले चिरंजीव, म्हणजे माझे काका, चंदगड तालुक्यात शेती करतात. त्यांना कुणीतरी सांगितलं की मी दगड शोधत फिरतो. मी पोहोचलो तेव्हा ते अंगणात तयारच बसले होते, टोपी घालून. राज्याच्या सीमेबद्दल त्यांना काय वाटतं, आईकडून त्यांनी काय ऐकलं, हे विचारायला मी वही काढली.

"ते ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "आदी माझा बांध मोज. चुलतभावानं दोन फूट खाल्लाय. हट्टे दगड हुता, तुझ्या आज्जानं घातलेला. तू त्येचा नातू, तूच सांग खट्टे हुता त्यो."

मी मोबाइल दाखवला. यात तीन-चार मीटरचा फरक पडतो, म्हटलं. दोन फुटांचा बांध यात दिसणारच नाही. काकांनी मोबाइलकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. पुतण्याला हाक मारून टेप आणवली, दोन्हीकडची उतारवयातली चार माणसं बोलावली. त्यातल्या एकानं विहिरीच्या कट्ट्यापासून पावलं टाकली, दुसऱ्यानं ती चुकीची ठरवली. आंब्याच्या बुंध्यापासून पुन्हा मोजलं. पहारीनं खणल्यावर कमरेइतक्या खोलीवर दगड लागला, आडवा पडलेला. कुणी पाडला यावर अर्धा तास गेला. दगड उभा करून टेप ताणली तेव्हा चुलतभावानं खाल्लेला बांध दोन फूट नव्हे, सव्वा फूट निघाला. काकांना तो कमी वाटला आणि चुलतभावाचं म्हणणं, टेप सैल धरली होती. पुढच्या रविवारी परत मोजायचं ठरलं आहे. टेप चुलतभाऊ आणणार.